पहिलीतल्या मुलाचे घर

जूनचा मध्य आला, की आपल्या घरांचा दिनक्रम एका रात्रीत बदलतो. उन्हाळ्याचे सैल दिवस आवरते घेतले जातात, वह्यांना खाकी कव्हरे चढतात, माळ्यावरचे रेनकोट झटकून पाहिले जातात, आणि ज्या घरातले मूल यंदा पहिल्यांदाच शाळेत पाऊल टाकणार, त्या घराला तर सणाची कळा येते. विदर्भात उन्हाचा कडाका ओसरायला वेळ लागतो, म्हणून तिथली घंटा काही दिवस उशिरा वाजते. पण वाजली की चित्र तेच. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते, नव्या मुलांची पावले कुंकवाच्या पाण्यात बुडवून त्यांचे ठसे कागदावर उमटवले जातात, हातात गुलाबाचे फूल आणि कोरी पुस्तके येतात, कुठे बैलगाडीतून वाजतगाजत मिरवणूकही निघते. मृगाच्या सरींनी रान हिरवे होण्याचा आणि नवी मुले शाळेत येण्याचा काळ एकच असावा, हा आपल्या ऋतुचक्राचा मोठाच प्रसाद म्हणायचा.

मिरवणूक संपून मूल घरी येते, त्या संध्याकाळपासून मात्र आपल्यातल्या अनेकांना एक घाई लागते. शेजारच्या मुलीला शंभरापर्यंत आकडे येतात, भावाच्या मुलाला इंग्रजी मुळाक्षरे लिहिता येतात आणि आपले मूल अजून पेन्सिल मुठीत धरते आहे, हे पाहून जीव खालीवर होतो. मग जेवणाआधी एक पान ‘अ’ आणि जेवणानंतर एक पान ‘आ’ असा रतीब सुरू होतो. हात धरून गिरवून घेतले जाते, रेघ चुकली की खोडरबर फिरतो, डोळ्यांत पाणी आले की आपला आवाज चढतो. यामागे माया असते, यात शंका नाही. पण त्या मायेला थोड्या माहितीची जोड मिळाली, तर मुलाची आणि आपली, दोघांचीही संध्याकाळ सुखाची होईल.

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. बाळ जन्मते तेव्हा ती सगळी मऊ, कूर्चेची असतात आणि पुढे एकेक करून टणक होत जातात; शेवटचे हाड टणक व्हायला नववे-दहावे वर्ष उजाडते. म्हणजे साडेपाच-सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा ज्या हाताकडून आपण वळणदार अक्षराची अपेक्षा धरतो, तो हातच अजून घडतो आहे. ताकद आणि ताबा खांद्यातून कोपरात, कोपरातून मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांच्या टोकांत उतरतो. जे मूल फांदीला लोंबकळले, ज्याने पाण्याचा तांब्या सांडत-सावरत आणला, ज्याने चिखल मळून बैल केला, त्याच्या बोटांना पुढे पेन्सिल जड जात नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायला लावत. कागद दुर्मीळ होता, हे त्याचे एक कारण खरेच; पण मोठ्या आकारात, साऱ्या हाताने, पुसून पुन्हा काढण्याची मुभा त्या धुळीत होती, आणि ती मुभा आजच्या दुरेघी वहीत नाही. ताटात मूठभर रवा पसरला, की तीच धूळपाटी आपल्या ओट्यावर तयार होते.

स्वयंपाकघराकडे आपण या नजरेने पाहायला हवे. पोळ्या चालल्या असताना कणकेचा लिंबाएवढा गोळा मुलाच्या हाती द्यावा आणि जरा वेळ काहीही न सुचवता पाहत राहावे. ते आधी गोळा चेपते. मग दोन्ही तळव्यांत फिरवून तो गोल करू पाहते. तो चपटा होतो, ते पुन्हा मळते. थोड्या वेळाने पोळपाटावर बोटांखाली एक लांब वळी निघू लागते, मधेच तुटते, थुंकी लावून जोडली जाते (त्याबद्दल रागवायचे नाही, हा गोळा काही तव्यावर जाणार नसतो). अशा दोन-चार वळ्या झाल्या, की आपण हळूच एक वळी वाकवून गोल करावा आणि त्याच्या उजव्या अंगाला उभी दांडी चिकटवावी. हा झाला ‘व’. पोटात एक तिरपी रेघ घातली की ‘ब’, दांडीच्या पलीकडे आणखी एक वळण दिले की ‘क’. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या बाई सारख्या वळणांची अक्षरे याच सोयीने एकत्र शिकवतात. घरी ती कणकेतून घडली, की वळण डोळ्यांच्या आधी बोटांना कळते, आणि चुकलेल्या अक्षरावर लाल फुली न मारता त्याचा पुन्हा गोळा करता येतो.

भुईमुगाच्या शेंगा फोडताना अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट होते, तीच पुढे पेन्सिल धरते. लसणाची पाकळी सोलणे, शर्टाचे बटण काजात घालणे, डब्याचे झाकण फिरवून उघडणे, ओले फडके पिळणे, ही सगळी त्याच अभ्यासाची पाने आहेत. वाटीभर मूग, मटकी आणि चवळी मिसळून दिली, तर ती निवडता निवडता मूल सारखे काय आणि वेगळे काय याचा विचार करते, आणि गणित खरे तर इथूनच सुरू होते. घरात रांगते भावंड असेल, तर मात्र कुणीतरी मोठ्याने शेजारी बसावे. दाणे नाकाकानात जायला क्षणही लागत नाही.

हे शहाणपण आजचे नाही, आणि बाहेरून आणावे लागेल असेही नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात येऊन बसल्या. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक होती, पण महागही होती. ताराबाईंनी त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले मांडली. अनुताई वाघ याच काळात त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे रानात जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले गेले, आणि आज एकट्या महाराष्ट्रात अशा एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. ज्या भूमीत शाळा अंगणापर्यंत चालत आली, तिथेच आपण आता घरातले अंगण उचलून त्याचा वर्ग करू लागलो आहोत. ताराबाईंनी मांडलेले खडे आणि बिया अजूनही फुकट मिळतात. फक्त त्यांच्याशेजारी मांडी घालून बसायला आपल्याला सवड हवी.

गणिताच्या बाबतीत मराठी घरावर थोडी अधिक जबाबदारी आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच. ‘एकोणतीस’ तर आणखी चकवा देतो. कानावर तीस पडते आणि पाटीवर दोन आणि नऊ मांडायचे असतात. बावन्नचे पंचवीस होणे हा मुलाचा निष्काळजीपणा नसतो. त्याने ऐकले तसे लिहिलेले असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाची सोय दिली गेली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! जुनी संख्यानामे टिकली पाहिजेत, असेच आमचेही मत आहे. ती आपल्या बाजारहाटात, हिशेबात, म्हणींत मुरलेली आहेत. पण मुलाची अडचणही तितकीच खरी आहे, आणि ती सोडवायला खराट्याच्या काड्या पुरतात. सारख्या लांबीच्या काड्या तोडाव्यात, दहा-दहांचे गठ्ठे करून त्यांना रबर लावावे आणि काही काड्या सुट्या ठेवाव्यात. ‘पंचवीस दे’ म्हटले की मुलाने दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या हातावर ठेवाव्यात. ‘एकोणतीस’ म्हटले, की तीन गठ्ठे घेऊन एकाचे रबर सोडावे आणि त्यातली एक काडी काढून ठेवावी. तीसला एक उणी, ही गोष्ट मग पाठ करावी लागत नाही. ती हाताने केलेली असते. रबर सोडण्याचा तो क्षण मुलांना फार आवडतो. पुढच्या इयत्तेत हातच्याच्या वजाबाकीत तोच उपयोगी पडतो.

एरवी शंभरापर्यंत घडाघडा म्हणणे आणि मोजता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाने मांडताना ‘आपण सहा जण, ताटे चार आली, अजून किती आणशील?’ एवढे रोज विचारले तरी पुरे. सागरगोटे, चिंचोके आणि सापशिडी उरलेले काम आनंदाने करतात.

भाषेचे काय करावे, असा प्रश्न पुष्कळ घरांना पडतो, विशेषतः जिथे घरची बोली पुस्तकातल्या बोलीहून वेगळी असते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, वारली बोलणारे मूल शाळेत जाते आणि आठवडाभरात गप्प होते, कारण आपले बोलणे चुकीचे आहे असे त्याला वाटू लागते. घराने त्याला उलट ग्वाही द्यावी. आजीने आपल्याच बोलीत गोष्ट सांगावी, ऐन रंगात आल्यावर थांबावे, आणि ‘मग पुढं काय झालं असंल?’ असे विचारून उत्तराची वाट पाहावी. आजीला अक्षर ओळखता येत नसले तरी काही बिघडत नाही. ज्या मुलाला गोष्टीचा धागा धरता येतो, ते पुस्तकातल्या ओळीचाही धरते. वाटेने चालताना ‘क’ने सुरू होणारे शब्द शोधावेत, कावळा, कंदील, कपाट, कोथिंबीर, शब्दांच्या भेंड्या लावाव्यात. अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी त्याचा आवाज कानाने वेगळा काढता यावा लागतो, आणि हा कान घरात तयार होतो. हातात मोबाइल देऊन बडबडगीते लावली, की मूल शांत बसते, हे आपण सारे जाणतो. पण त्या पडद्याला मुलाच्या उत्तराची गरज नसते, आजीला असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानली आणि त्या वयाचे शिक्षण खेळातून, कृतीतून व्हावे असे म्हटले. आपल्या राज्याने २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू केले, गावोगावी मातांचे गट बांधले, घरी करायच्या कृतींची कार्डे त्यांच्या हाती दिली. सरकारी उपक्रमांकडे संशयाने पाहण्याची आपली सवय बाजूला ठेवून सांगायला हवे, की ही फार चांगली गोष्ट आहे. ओसरीवर बसलेल्या दहा-बारा बाया, त्यांच्या मांडीशी मुले, मधे पानाफुलांचा ढीग, हे दृश्य कोसबाडच्या वाटेवरचेच आहे. फक्त या गटात बाबा दिसत नाहीत. शेंगा फोडणे, काड्यांचे गठ्ठे बांधणे, झोपताना गोष्ट सांगणे यांतले एकही काम असे नाही, की जे वडिलांना जमणार नाही. मुलगा-मुलगी शाळेत जाणार म्हणून महागडे दप्तर आणणारा बाप त्याच उत्साहाने कणकेचा ‘व’ करायला बसला, तर मुलाला केवढे अप्रूप वाटेल!

आणि काही घरे अशीही आहेत, जिथे आई-वडील दोघेही पहाटे मजुरीला बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर परततात. त्यांना आणखी एक कर्तव्य सांगणे हा अन्याय होईल. तिथे आपण, म्हणजे शेजारपाजाऱ्यांनी, निवृत्त आजोबांनी, सातवी-आठवीतल्या ताई-दादांनी उभे राहायचे असते. आपल्या ओसरीवर आपल्या नातवंडासाठी चिंचोके मांडले असतील, तर पलीकडच्या घरातल्या मुलालाही हाक मारावी. दोघांत खेळ अधिक रंगतो, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकणे हाही पहिलीच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

दसऱ्याला अजून तीन-चार महिने आहेत. तोवर वहीतली पाने किती भरली, याचा हिशेब घरात नाही ठेवला तरी चालेल. शाळा तिच्या गतीने अक्षरे शिकवीलच. कणीक, काड्या, शेंगा आणि गोष्टी एवढे मात्र रोज थोडे थोडे चालू ठेवावे. मग विजयादशमीच्या सकाळी पाटी स्वच्छ धुऊन पाटावर मांडली जाईल, तेव्हा एकच्या आकड्यांची ती सरस्वती आपण काढून देऊ नये. पेन्सिल मुलाच्या हाती द्यावी. एखादा एक आडवा पडेल, एखादा पाटीच्या लाकडी चौकटीवर जाईल. तसाच राहू द्यावा, आणि त्यावरच हळद-कुंकू वाहावे.