दाणा घेताना फक्त भाव पाहू नका

सूत घेताना आपण काउंट आणि मजबुती तपासतो. मग ताडपत्रीच्या पट्टीसाठी किंवा दोर-जाळीच्या तारेसाठी एचडीपीई दाणा घेताना फक्त किलोचा भाव का विचारतो? खरी कसोटी मेल्ट फ्लो इंडेक्सची. १९० अंश सेल्सिअसला, २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत साधारण १ ग्रॅम वाहणारा दाणा या कामाचा. बादल्या-टबांचा इंजेक्शन दाणा कित्येक पट जास्त वाहतो. त्याच्या साखळ्या आखूड, जणू आखूड धाग्याचा कापूस. तो मिसळला की पट्टी कमजोर निघते, मागावर तुटते आणि माल परत येतो. किलोमागे वाचवलेले दोन रुपये असे दामदुपटीने जातात. व्यापारी बंधूंनी गोणीवरचा ग्रेड पाहावा, प्रत्येक लॉटचा चाचणी दाखला मागावा. दाखला नसेल तर सौदा करू नये.