सिंभोऱ्याचा दिवस नीट आखा

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आटोपली की शेंदूरजनाघाटची कुटुंबे वरूड-मोर्शी रस्त्याने सिंभोऱ्याकडे निघतात. तिथल्या अप्पर वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर पाहायला अर्धा तास पुरतो, पण तिथे दिवसभर राहायचे तर आदल्या रात्रीपासून तयारी हवी. रोडग्यांची कणीक, वांगी, घरून पिण्याचे पाणी, सावलीसाठी मोठी चादर आणि कचऱ्यासाठी पोते. निघायचे पहाटेच, कारण पक्षी सकाळीच दिसतात आणि दुपारी काठावर सावली नसते.

पाणी उतरते तसा गाळ-वाळूचा पट्टा उघडा पडतो. तो वरून वाळलेला, पण खाली पाय रुततो. नदी सुरय हा पक्षी अशाच उघड्या वाळूत उन्हाळ्यात अंडी घालतो. वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी दोन हातांवरूनही दिसत नाहीत. त्यामुळे गाडी आणि चूल या पट्ट्यावर नकोच.

काठची वाळू जपण्याचे उदाहरण घ्यायचे तर अमेरिकेत मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्सला २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे वाळूच्या टेकड्या जपण्यासाठी पायवाटा आखलेल्या आहेत. आपल्याकडे निदान फलक आणि स्वच्छतागृहे तरी हवीत.

नावेचा मोह मात्र टाळावाच. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातच, झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. जीवरक्षक जॅकेट नसेल तर नावेत पाऊल ठेवू नका, मुलांनाही ठेवू देऊ नका.