नराची मिल्टही तपासावी

माशाच्या शुक्रपेशी नराच्या शरीरात निश्चल असतात. पाण्यात पडताच त्या पोहू लागतात. रोहू-कटल्यांत भोवतालचे क्षार कमी झाल्याने, तर जिताड्यात ते वाढल्याने ही हालचाल सुरू होते. पावसाळ्यात वसईच्या खाडीचे पाणी गोडसर झाले की जिताड्याच्या प्रजननाला मुखाजवळचे खारे पाणी लागते, त्याचे एक कारण हेच.

हालचालीचे इंधन एटीपी. शेपटीतील डायनीन हे विकर एटीपी फोडून शेपटी हलवते आणि क्रिएटिन कायनेज खर्चलेला साठा काही काळ भरून काढते. साठा संपला की धाव थांबते. ट्राउटमध्ये ती सुमारे 30 सेकंद टिकते, कार्पमध्ये साधारण मिनिटभर. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या शुक्रपेशीला अंड्याचे आवरण विरघळवणारी विकरांची पिशवी नसते; अंड्यावरील एका सूक्ष्म छिद्रातूनच ती आत शिरते. वेळ थोडा आणि वाट एकच, त्यामुळे पेशी धडधाकट असणे निर्णायक ठरते.

शुक्रद्रवातील विकरांचे काम रक्षणाचे आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज घातक ऑक्सिजन-रेणूंना निकामी करतात. प्रथिने तोडणाऱ्या विकरांना आवर घालणारे रेणूही याच द्रवात असतात.

याउलट एलडीएच आणि एएसटी ही मुख्यतः पेशीच्या आतली विकरे. पेशीचे पटल फाटले की ती द्रवात झिरपतात. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये मिल्ट, म्हणजे शुक्रपेशी आणि शुक्रद्रव यांचे मिश्रण, गोठवून वितळवल्यावर किती पेशी जायबंदी झाल्या, हे द्रवातील या विकरांच्या वाढलेल्या प्रमाणावरून कळते. एएसटी म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमध्ये यकृतासाठी रोज होणारी एसजीओटी चाचणी. भाईंदरसारख्या शहरात ती सहज होते. हॅचरीने तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

मात्र नमुना शुद्ध असला पाहिजे. नराचे पोट पुसून कोरडे करावे आणि पहिले थेंब टाकून द्यावेत, कारण मूत्र मिसळले तर गोड्या पाण्यातील माशांच्या शुक्रपेशी आधीच धावून दमतात. रक्त मिसळून तांबूस झालेला नमुना बाद करावा, कारण रक्तपेशींतही हीच विकरे भरपूर असतात. मिल्ट बर्फावर ठेवून लवकर सेंट्रिफ्यूज करावी आणि शुक्रपेशींची संख्या मोजून एएसटीचा आकडा तिच्या प्रमाणात मांडावा. माणसाच्या रक्ताची सामान्य मर्यादा माशाला लागू नाही. प्रत्येक जातीसाठी, हंगामासाठी निरोगी नरांचे आकडे जमवून हॅचरीने स्वतःची मोजपट्टी तयार करावी. 1961 मध्ये स्थापन झालेली वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था अशा मोजपट्ट्या पडताळून देऊ शकते.

फलन कमी झाले की दोष बहुधा मादीला किंवा संप्रेरकाच्या इंजेक्शनच्या मात्रेला दिला जातो. नराची मिल्ट मात्र पांढरी आणि दाट दिसली की चांगली मानली जाते. डोळ्यांना दाटपणा दिसतो, फाटलेले पटल दिसत नाही. म्हणून प्रत्येक हॅचरीच्या नोंदवहीत मादीच्या वजनाशेजारी नराच्या मिल्टची हालचाल, पेशीसंख्या आणि एएसटी हे तीन रकाने असावेत.