गोळी फुकट, घास कुठाय?

सरकार म्हणतं, गोळी फुकट आहे, घ्या. बरोबर आहे, फुकट आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रात एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागली. २०१७ पासून सीडीफोर कितीही असो, तपासणीत रोग निघाला की उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. ही कुणाची खैरात नव्हे. बाधित माणसं त्यासाठी स्वतः भांडली, कोर्टाच्या पायऱ्या चढली, तेव्हा कुठं हे पदरात पडलं.

पण गोळी पडते पोटात, आणि त्या पोटात काय आहे हे कोण विचारतो? काट्यावर उभं करतात, आकडा कार्डावर लिहितात, "नीट खात जा" म्हणतात, आणि पुढचा नंबर पुकारतात. नीट खायचं म्हणजे काय खायचं? कशाचं खायचं? आणि घास घशाखाली उतरतच नसेल तर?

माझी मावशी बीड जिल्ह्यातली. जन्म ऊसतोडीत गेला. नवरा मेला तेव्हा घरच्यांना कावीळ म्हणून सांगितलं. गेल्या वर्षी हिचाही निकाल आला. तेव्हा वजन होतं तेहेतीस किलो. भाकरीचा वास आला की तोंड फिरवायची. "लेकरा, घास तोंडातच फिरतोय, खाली उतरंना," एवढंच म्हणायची. आणि जो येईल तो सांगायचा, मनावर घे. मनावर घेतलं की भूक लागती. हिलाच जगायचं न्हाई.

मी म्हणतो, हे साफ खोटं आहे. भूक ही इच्छाशक्तीची गोष्ट नाही. उपाशी माणसाला इच्छाशक्ती शिकवणं हा भरल्या पोटाचा धंदा आहे. एचआयव्हीत भूक मरते ती कारणानं मरते. युगांडातल्या लोकांनी १९८० च्या दशकात या रोगाला 'स्लिम' हेच नाव ठेवलं होतं, इतकी माणसं वाळत होती. कारण हुडकलं तर भूक परत येते. कारण न हुडकता माणसाला दोष देणं म्हणजे चोर सोडून घरमालकाला फटके मारणं.

चोर चार आहेत. एकेक सांगतो.

पहिला चोर तोंडात. जिभेवर, टाळ्याला पांढरा थर धरतो, खाली लालभडक होतं. ती बुरशी आहे. घशात उतरली की पाणी गिळतानाही छातीत आग पडते. अशा माणसापुढं मिरचीचा ठेचा ठेवायचा आणि म्हणायचं, खाईना! या बुरशीवर फ्लुकोनॅझोल नावाचं साधं औषध आहे. डॉक्टरला तोंड उघडून दाखवायचं. त्यानं आपणहून बघितलं नाही तर आपण म्हणायचं, साहेब, बॅटरी मारा आणि बघा.

दुसरा चोर छातीत. टीबी. एचआयव्ही झालेल्यांना जगभर सगळ्यात जास्त मारतो तो हाच. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन, यातलं एक जरी असेल तरी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. टीबी निघाला तर त्याची औषधं आधी सुरू होतात, एआरटी मागून. आणि टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा जादा डोस लागतो. म्हणून दोन्हीकडची कार्डं दोन्हीकडं दाखवायची. कधी टीबी दडून बसलेला असतो. गोळ्यांनी अंगात ताकद येऊ लागली की पहिल्या काही आठवड्यांत उसळतो, ताप भरतो, गाठी सुजतात. लोक म्हणतात, गोळीनंच बिघडलं, बंद करा. बंद करायची नाही. त्याच दिवशी केंद्र गाठायचं.

तिसरा चोर गोळीत, पण तो चार दिवसांचा पाहुणा. आज बहुतेकांना एकच गोळी मिळते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं असतात. दिवसातून एकदा. सुरुवातीला मळमळतं, डोकं दुखतं, झोप उडते. बहुतेकांचं हे दोन-चार आठवड्यांत ओसरतं. गोळी उपाशीपोटीही चालते, पण मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्यावी. झोप उडत असेल तर रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, ते केंद्रात विचारावं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्ताचं औषध या गोळीला अडवतं. त्या वेळा केंद्रातल्या समुपदेशकाकडून लिहूनच घ्या. मावशीची गोळी सकाळच्या चहा-बटरानंतर ठरवली. आठवडाभर ओकाऱ्या झाल्या, मग थांबल्या.

चौथ्या चोराकडं शेवटी येतो. तो सगळ्यात हरामखोर आहे.

आता चुलीकडं या. अंगात रोग उसळलेला असताना मोठ्या माणसाला नेहमीपेक्षा २० ते ३० टक्के जास्त ताकदीचं अन्न लागतं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. म्हणजे खाववत नाही तेव्हाच जास्त लागतं. मग भरलं ताट पुढं ठेवून उपयोग नाही. ते बघूनच पोट भरतं. आम्ही दर दोन तासांनी वाटीभर द्यायला लागलो. ज्वारीची आंबील, गार करून. मऊ मुगाची खिचडी, वर चमचाभर तेल. शेंगदाण्याचा कूट आंबिलीत, भाजीत, गुळासंगं, जिथं मावेल तिथं. उकडलेलं अंडं कुस्करून. मटणाचं आळणी, तिखट-मसाला न घालता. तोंड बरं झाल्यावर सुकटीची चटणी. फोडणीच्या वासानं ढवळतं म्हणून तिला चुलीपासून लांब, वाऱ्याला बसवायचं. जेवायच्या तोंडावर तांब्याभर पाणी प्यायला द्यायचं नाही, ते मधे-मधे. पाणी उकळलेलं, अंडं-मटण पुरतं शिजलेलं, कारण अंगात झुंजायची ताकद नसताना साधी हगवणही माणूस नेते. आणि दर आठवड्याला वजन. पीठगिरणीच्या काट्यावर केलं तरी चालतं.

भुकेचं टॉनिक आणलं नाही. दुकानात गोड औषधाच्या बाटल्या मिळतात, त्यांनी गुंगी येते, थोडं खाल्लं जातं, पण आतला चोर तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे गावचा भोंदू डॉक्टर. तो स्टिरॉइड टोचतो. दोन दिवस माणूस चाटूनपुसून खातो, चेहरा फुगतो, घरचे खूष होतात. आणि आत उरलीसुरली ताकद खलास होते, टीबी झाकला जातो. तसलं इंजेक्शन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ देऊ नका. नवस, उपास आणि मंतरलेलं पाणी यांचं तर नावच नको. सुकलेल्या देहाला उपास सांगणारा बुवा सरळ खुनी आहे.

आता सांगा, अंडं, मटण, शेंगदाणा आणायचा कुठून? केंद्रानं २००९ साली राज्यांना कळवलं की दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांना अंत्योदयच्या यादीत घ्या. अंत्योदयचं धान्य महिना ३५ किलो. धान्य म्हणजे गहू-तांदूळ. माणूस काय नुसत्या तांदळावर मांस धरतो? संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधित बसतात. २०२३ साली ती रक्कम महिना १,५०० झाली, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये, तेही दाखल्यांच्या भेंडोळ्यापाठी पळून. टीबी असेल तर पोषणाचे महिना ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. म्हणजे खायला पैसा पाहिजे हे सरकारला कळतं!

आणि आमचं स्वस्तातलं मांस कुणी नेलं? २०१५ च्या कायद्यानं या राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. वस्तीतल्या खाटकाचं दुकान बसलं. ज्या मोठ्याच्या मटणावर, वाळवलेल्या चान्यांवर आमच्या पिढ्या बाळंतपणातून, तापातून उठल्या, त्यातलं इथं कापलेल्या बैलाचं मांस जवळ ठेवणंही गुन्हा झालं. शाळेतल्या पोरांना २०२३ च्या नोव्हेंबरात अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी पैसा बंद केला. ज्यांच्या पंगतीत आम्हाला कधी जागा नव्हती, ते आमच्या ताटात काय असावं हे ठरवतात. आजारी माणसाच्या भुकेचा आणि या राजकारणाचा संबंध नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या वस्तीत येऊन आळणी शिजवून दाखवावं.

आता चौथा चोर. तो ताटात बसलाय, आणि तो आपल्याच घरात आहे.

मावशीचं ताट वेगळं काढलं होतं. वाटी वेगळी, तांब्या वेगळा. वाटी हातात न देता भुईवरून सरकवायची. पाणी वरून ओतायचं. हे कुणाच्या घरात? वरून ओतलेलं पाणी ज्यांच्या आज्यानं ओंजळीनं प्यालं त्यांच्या! २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, ते कशासाठी? शंभर वर्षं होत आली, आणि आपण आपल्याच मावशीला वेशीबाहेर बसवतो? सुनेला मी दोष देत नाही. तिला लेकराची भीती होती, आणि दवाखान्यात कुणी तिला चार वाक्यं समजावून सांगितली नव्हती. हा रोग ताटानं, पाण्यानं, उष्ट्यानं, शिवण्यानं लागत नाही. गोळी नेमानं घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही लागत नाही. एवढं कळल्यावर वेगळं ताट त्याच सुनेनं उचललं. मावशी सगळ्यांसंगं बसायला लागली आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "कालवण वाढ गं." बुरशीचं औषध, गोळी, आंबील यांनी काम केलंच. पण एकटं बसवलेल्या माणसाला भूक लागत नाही, हेही मी डोळ्यांनी बघितलं. सहा महिन्यांत आठ किलो वजन वाढलं.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित माणसाला राहत्या घरातून किंवा घराच्या कुठल्याही भागातून वगळायचं नाही, घरातल्या सोयी भेदभावाशिवाय वापरू द्यायच्या, असं त्यात लिहिलंय. आपल्याला अस्पृश्यता कळायला कायद्याचं कलम लागावं, याची शरम वाटू द्या.

तेव्हा मित्रांनो, जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांनी हेही काम अंगावर घ्यावं. तारखेला सोबत जा, गाडीभाडं जमवा. तहसीलला बसून अंत्योदयचं आणि निराधारचं कार्ड काढून घ्या. पण नाव फोडू नका. विश्वासानं सांगितलेला कुणाचा रोग त्याच्या परवानगीशिवाय चारचौघांत बोलायला कायद्याचीही मनाई आहे. १०९७ हा फुकट मदतीचा नंबर वस्तीच्या भिंतीवर रंगवा. एआरटी केंद्रात गोळीबरोबर अंडी, डाळ, शेंगदाणे, तेल मिळालंच पाहिजे ही मागणी घेऊन मोर्चा काढा. ताकदीचं अन्न हे औषधच आहे, उपकार नव्हे.

आणि मोर्चाला निघण्याआधी आपापल्या घरातलं वेगळं ताट उचला.