सत्तावीस विद्यार्थ्यांचा अर्ज



"तुम्ही अजून लहान आहात. आधी अभ्यास करा, मग जगाचा विचार करा," हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. हवामानबदलाचा विषय निघाला की ते हमखास ऐकू येते. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे मोठी माणसे मान्य करतात. पण त्याबद्दल मुलांनी बोलावे, हे पुष्कळांना पटत नाही. माझे मत वेगळे आहे. अभ्यास करणे आणि जगाचा विचार करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. असे का, ते एका खऱ्या घटनेवरून पाहू या.

नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा देश शोधा. सुमारे ८० बेटे आणि तीन लाखांच्या आसपास वस्ती असलेला हा छोटा देश आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो. तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे समुद्राचे पाणी तापून फुगते, बर्फ वितळते आणि पाण्याची पातळी वर येते. तापलेल्या समुद्रावर वादळेही अधिक जोर धरतात. मार्च २०१५ मध्ये 'पॅम' आणि एप्रिल २०२० मध्ये 'हॅरोल्ड' या चक्रीवादळांनी वानुआतूमध्ये फार मोठी हानी केली. जगाच्या हवेत हा वायू सोडण्यात या देशाचा वाटा मात्र अगदी नगण्य आहे. म्हणजे चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला!

२०१९ साली या देशाच्या राजधानीत, पोर्ट व्हिला येथे, कायद्याचे २७ विद्यार्थी शिकत होते. ते पॅसिफिकमधील वेगवेगळ्या बेटांवरून आलेले होते. आपण जो कायदा शिकतो, त्याचा आपल्या बेटांना काय उपयोग, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी एक संघटना काढली आणि आपल्या भागातील सरकारांना पत्रे लिहिली. त्यांनी दया मागितली नाही, मदतही मागितली नाही. एक प्रश्न जगाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयापुढे न्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे काय? आणि ते मोडून कोणी दुसऱ्याचे नुकसान केले, तर त्याचे परिणाम काय?

वानुआतूच्या सरकारने हा प्रश्न उचलून धरला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, १३० हून अधिक देशांच्या पाठिंब्याने, तो प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली. त्या २७ जणांपैकी एक, सॉलोमन बेटांची सिंथिया हौनिउही, न्यायालयापुढे उभी राहून बोलली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायाधीशांनी एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कर्तव्य आहे, आणि ते मोडणारे राष्ट्र नुकसानभरपाई देण्यासही जबाबदार ठरू शकते, असे त्यांनी सांगितले. त्या न्यायाधीशांत आपले दलवीर भंडारीही होते. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

कोणी म्हणेल, "हे तर नुसते मत आहे. ते पाळण्याची सक्ती नाही. त्याने समुद्र मागे हटला काय?" हे म्हणणे खोटे नाही. समुद्र मागे हटलेला नाही. पण आता कोणत्याही देशातील न्यायालय त्या मताचा आधार घेऊ शकते. "आम्ही धूर सोडू, आमची मर्जी," असे म्हणणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

या विद्यार्थ्यांचे वय कमी होते, पण तयारी कमी नव्हती. त्यांनी विषय समजून घेतला, योग्य दार ठोठावले आणि सहा वर्षे धीर धरला. मोर्चे आणि घोषणा निरुपयोगी आहेत, असे मला म्हणायचे नाही. २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर हातात फलक घेऊन एकटी बसलेली १५ वर्षांची ग्रेटा थनबर्ग साऱ्या जगाने पाहिली. घोषणेने लोक वळून पाहतात. पण वळून पाहणारा विचारतो, "तुम्हांला नेमके काय हवे?" त्याचे उत्तर अभ्यासाशिवाय देता येत नाही. मोठ्यांनीही लक्षात ठेवावे, की मुलांना व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवणे म्हणजे ऐकून घेणे नव्हे. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर देणे, म्हणजे ऐकून घेणे.

आणखी एक गोष्ट. वानुआतूमध्ये शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. पण जगापुढे बाजू मांडायची, तर तेथील मुलांना शाळेत शिकलेल्या दुसऱ्या भाषेतच बोलावे लागते. तुमचेही तसेच आहे. तुमची घरची भाषा उर्दू, आणि नगरपालिकेचे कामकाज मराठीत. म्हणून मराठीचा हा तास फक्त परीक्षेपुरता समजू नका. 'अर्ज', 'हक्क', 'वकील' हे शब्द तर दोन्ही भाषांत आहेत. ते तुमचेच आहेत.

तुमच्या गावाजवळ खाडी असेल आणि तिच्या काठच्या कांदळवनात कोणी भराव टाकत असेल, तर गप्प बसू नका. ही झाडे लाटांचा जोर अडवतात. गावात खाडी नसेल, तर रस्त्याकडेची तोडलेली झाडे असतील किंवा कचरा जाळल्याचा धूर असेल. आधी नीट पाहा, माहिती घ्या, वडीलधाऱ्यांशी बोला. मग स्वच्छ मराठीत अर्ज लिहा. केव्हा, कोठे, काय घडले आणि तुमची मागणी कोणती, हे क्रमाने सांगा. खाली सर्वांनी सह्या करा, अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.

ते विद्यार्थी २७ होते. तुमच्या वर्गात किती आहेत?