रुंद पायांचे व्याकरण

दिवाळीच्या सकाळी, अभ्यंगस्नान आटोपून, चकलीचा पहिला तुकडा मोडत आपण हा अंक उघडला असेल. अशा मंगल प्रसंगी मी आपल्यापुढे माझे पाय ठेवावेत, हे शिष्टाचाराला धरून नाही. पण या सदरातून मी आजवर विरामचिन्हांपासून विसरभोळेपणापर्यंत नाना विषयांवर लिहिले, आणि पायांवर मात्र कधीच नाही. ज्यांच्या जोरावर उभे राहायचे त्यांचाच विसर पडावा, ही मनुष्यजातीची जुनी खोड आहे.

आमच्या घराण्यात तीन गोष्टी पिढीजात चालत आल्या आहेत : तांब्याचा बंब, दमा आणि रुंद पाय. वाटण्या झाल्या तेव्हा बंब थोरल्या बंधूंकडे गेला, दमा धाकट्याकडे आणि पाय माझ्याकडे आले. आजोबा जन्मभर अनवाणी हिंडले. त्यांच्या पायांना कोणी रुंद म्हटल्याचे ऐकिवात नाही. वडिलांनी कोल्हापुरी वहाणा वापरल्या. कोल्हापुरी वहाण पहिले आठ दिवस करकरते, चावते, नव्या सुनेसारखी जरा अंतर राखून असते. मग हळूहळू पायाची होऊन जाते. वडिलांनाही आपले पाय रुंद असल्याचा पत्ता लागला नाही. तो शोध माझ्या नशिबी होता, कारण मी बुटात पाय घातला.

२०२२ च्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाची मुले राजगडाला निघाली आणि देखरेखीसाठी एक प्राध्यापक हवा म्हणून माझी नेमणूक झाली. डोंगरी बूट घेण्यासाठी मी दुकानात गेलो. लांबीने मला सात नंबर पुरतो. पण सातात पाय शिरेना, आठात शिरून कळवळला. विक्रेता म्हणाला, "सर, नऊ घ्या. मोकळा बरा." आमच्या लहानपणी दिवाळीचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवत. चाळिशी उलटल्यावर मी वाढत्या पायाचे बूट घेऊन घरी आलो.

चढताना काही बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी चोरदरवाज्याने गुंजवण्याकडे उतरू लागलो, आणि प्रत्येक पावलाला पाय बुटाच्या आत पुढे घसरून बोटे टोकाला आपटू लागली. टाच मागे सुटलेली, चवडा दोन्ही बाजूंनी आवळलेला. एका वळणावर बुटाचे रिकामे नाक दगडात अडकले आणि मी सपशेल बसलो. माझ्या हाती रेलिंग नसते तर हे सदर दुसऱ्या कोणाला लिहावे लागले असते. पुढे दोन विद्यार्थ्यांनी हात धरून मला खाली आणले. दोन्ही अंगठ्यांची नखे महिनाभर काळी होती.

घरी पडल्यापडल्या मी बुटांच्या मापांचा अभ्यास केला. आपण वापरतो ते नंबर इंग्रजांकडून आलेले. एका नंबराने बूट इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लांब होतो. रुंदी मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच वाढते. म्हणजे दोन नंबर वर चढून मी पाच मिलिमीटर रुंदी पदरात पाडली आणि तिच्यापायी सतरा मिलिमीटर नको असलेली लांबी गळ्यात घेतली. खरे तर लांबीला जसा आकडा असतो, तसा रुंदीला वेगळा असतो. अमेरिकी मापांत पुरुषांची सर्वसाधारण रुंदी 'डी', त्याहून रुंद 'टू ई', आणि त्याहूनही रुंद 'फोर ई'. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत हा दुसरा आकडा विचारला, तर विक्रेता आपल्याकडे पंचांगात नसलेली तिथी विचारल्यासारखे पाहतो.

आणि हे रुंद पाय काही आमच्याच घराण्याची मिरासदारी नाहीत. २००९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले. ते पाय पाश्चात्त्यांच्या पायांहून रुंद निघाले, आणि चालताना शरीराचा भार त्यांच्या तळव्यावर अधिक समान वाटला जात होता. पुढे डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय सर्वसाधारणपणे रुंद असतात, असे त्यातही आढळले, आणि आपल्या पायांसाठी 'भ' या नावाची स्वतंत्र मापे सुचवली गेली. 'भ' म्हणजे भारत. आमच्या बाराखडीतल्या एका अक्षराला इतके चालते-फिरते काम मिळाले, याचा मला भाषेचा शिक्षक म्हणून फार आनंद झाला.

तो आनंद गेल्या हिवाळ्यात ओसरला. आमची कन्या नववीत आहे. तिच्या मैत्रिणी हरिश्चंद्रगडाला निघाल्या, ही म्हणाली, "मला नाही यायचं." लहानपणापासून दिवाळीचा मातीचा किल्ला जिने हट्टाने बांधला, ती खऱ्या किल्ल्याला नको म्हणते! सौभाग्यवतींनी खोदून विचारले तेव्हा कळले, की दुकानात मुलींचा एकही बूट तिच्या पायात गेला नव्हता, आणि तिथल्या पोऱ्याने "ताई, पाय फताडे आहेत तुमचे" असे सर्वांदेखत म्हटले होते. तेव्हापासून ती घरातही पाय फ्रॉकखाली ओढून बसत असे. मला पाहून एवढेच म्हणाली, "तुमच्यासारखेच आहेत ना, बाबा."

माझी नखे काळी झाली तेव्हा जे दुखले नाही, ते त्या क्षणी दुखले.

मी कागद आणि पेन्सिल आणली. संध्याकाळची वेळ होती, आणि तीच योग्य. दिवसभराने पाय थोडे फुगतात. तिला कागदावर उभे करून दोन्ही पायांभोवती रेघ ओढली, शेजारी माझेही पाय आखले. मग म्हटले, "बाळ, व्याकरणाची एक चूक झाली आहे. विशेषण चुकीच्या नामाला लागले आहे. पाय रुंद नाहीत. बूट अरुंद आहेत."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथले गृहस्थ वयस्क आणि जाणते होते. त्यांनी बुटातला आतला तळ बाहेर काढला आणि तिला त्यावर उभे केले. पाय कडेबाहेर गेला की तो बूट बाद. शेवटी मुलग्यांच्या कप्प्यातला पाच नंबर निघाला, कारण त्यांचे बूट चवड्याला ऐसपैस असतात. ती जरा घुटमळली. मी म्हटले, "बूट पुल्लिंगी, चप्पल स्त्रीलिंगी, आणि पाऊल नपुंसकलिंगी. डोंगराला लिंगविचार ठाऊक नाही." जाड लोकरी मोजे घालून तिने बूट चढवले, दुकानाच्या जिन्यावरून दोनदा उतरून पाहिले. बोटांपुढे अंगठाभर जागा राहिली, टाच जागची हलली नाही. माझ्यासाठी त्यांनी सात नंबरच दिला, पण रुंद घडणीचा. करंगळीच्या सांध्याशी तो किंचित दाबत होता, तेवढी जागा कोपऱ्यावरच्या कारागिराने कलबुतावर चढवून ओढून दिली. नाडी बांधताना चवड्यावरची एक जोडी भोके रिकामी सोडायची आणि घोट्याशी गाठ पक्की आवळायची, ही युक्तीही त्याचीच.

कन्या हरिश्चंद्रगडाला जाऊन आली. कोकणकड्याचे वर्णन तिने तासभर केले. पायांचा उल्लेख एकदाही झाला नाही. बूट बरोबर बसल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

यंदा अंगणात तिने राजगड बांधला आहे. संजीवनी माचीवर अळीव उगवले आहेत. पाडव्यानंतर आम्ही दोघे खऱ्या राजगडाला निघालो आहोत. चोरदरवाज्याच्या उतारावर ती पुढे राहणार असून मी तिच्या मागून उतरायचे, असे ठरले आहे.

आपणही या दिवाळीत मुलांना नवे बूट घ्याल. आधी एक कागद आणि पेन्सिल घ्या.