आत माणूस कुठे बसतो?

‘यंदा दवाखान्याबाहेरच्या एखाद्या विषयावर लिहा’ असा स्मरणिकेच्या संपादकांचा आग्रह झाला आणि माझ्या मनात एकच विषय आला : फसलेले रणगाडे. बालरोगतज्ज्ञाने रणगाड्यांविषयी लिहावे, हे अनेकांना विचित्र वाटेल. परंतु या छंदाचे मूळ एका बालकाच्याच प्रश्नात आहे.

काही वर्षांपूर्वी मी भाच्याला घेऊन तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. फलक वाचून मी त्याला तोफेचा पल्ला, चिलखताची जाडी, इंजिनाची शक्ती असे सारे सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मामा, पण आत माणूस कुठे बसतो?” मला उत्तर देता आले नाही. पुढे या विषयावरचे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले, की हाच प्रश्न अनेक नामवंत अभियंत्यांनी आणि सेनाधिकाऱ्यांनीही वेळेवर विचारला नव्हता.

फसलेल्या रणगाड्यांच्या कथा बहुधा विनोद म्हणून सांगितल्या जातात. त्यांत विनोद आहेच. रशियात १९१५ साली लेबेदेन्को नावाच्या अभियंत्याने एका अवाढव्य यंत्राची कल्पना मांडली. पुढे सुमारे ९ मीटर व्यासाची, सायकलच्या चाकांसारखी आऱ्यांची दोन चाके आणि मागे जेमतेम दीड मीटरचे एक छोटे चाक! झार निकोलस दुसरा याच्यापुढे त्याने स्प्रिंगवर चालणारी लाकडी प्रतिकृती ठेवली. ती गालिच्यावर रचलेले जाड ग्रंथ सहज ओलांडून गेली आणि प्रसन्न झालेल्या सम्राटाने निधी मंजूर केला, असे सांगतात. त्याच वर्षी मॉस्कोच्या उत्तरेला चाचणी झाली. पुढच्या चाकांनी झाड मोडले, मात्र मागचे छोटे चाक मऊ जमिनीत रुतले. ते यंत्र तेथून पुन्हा हलले नाही. काही वर्षे रानात गंजून १९२३ साली ते मोडीत निघाले. गालिचा आणि चिखल यांतला फरक दरबारात कोणी बोलून दाखवला नसावा.

हसून झाल्यावर मात्र आत बसलेल्या माणसांकडे पाहावे लागते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाड्यांत इंजिन आणि सैनिक एकाच बंद पेटीत असत. १९१८ सालचा ‘मार्क पाच’ हा यांत्रिकदृष्ट्या आधीच्यांपेक्षा सरस होता. चालवायला सोपा होता. पण त्यात वायुवीजन इतके निकृष्ट होते, की उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी आतील सैनिक आजारी पडू लागले. याच रणगाड्याची लांबी वाढवून पायदळाचे जवान आत बसवून शत्रूच्या पलीकडे नेऊन सोडण्याची योजना आखली गेली. ८ ऑगस्ट १९१८ रोजी अमियांच्या लढाईत तो प्रयोग झाला. बाहेर उतरलेल्या जवानांपैकी अनेकांना मळमळ, चक्कर आणि गुंगी यांमुळे लढणे अशक्य झाले होते. शत्रूची गोळी न लागता माणसे निकामी झाली. या लक्षणांचे निदान आपल्यापैकी कोणीही एका मिनिटात केले असते. पण आराखड्याच्या टेबलाभोवती बहुधा आपल्यापैकी कोणी नव्हते.

माझ्या दृष्टीने याहून बोधप्रद उदाहरण ‘कव्हेनँटर’ या ब्रिटिश रणगाड्याचे आहे. १९३९ साली युद्ध दारात उभे असताना, प्रत्यक्ष नमुना तयार होऊन त्याची चाचणी होण्याआधीच, केवळ आराखड्यावरून त्याची मागणी नोंदवली गेली. रणगाडा ठेंगणा हवा म्हणून आडव्या सिलिंडरांचे रुंद, सपाट इंजिन निवडले. त्यामुळे इंजिनाशेजारी रेडिएटरला जागा उरली नाही. तो थेट पुढे, चालकाच्या बाजूला नेला गेला. इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि त्यांना जोडणाऱ्या उकळत्या पाण्याच्या नळ्या मध्ये, म्हणजे माणसांच्या बसण्याच्या जागेतून! इंजिन तापे ते तापेच, आतली माणसेही भाजून निघत. दोष दूर करण्यासाठी एकामागून एक चार आवृत्त्या निघाल्या. मूळ मांडणी मात्र तीच राहिली. १,७००हून अधिक कव्हेनँटर तयार झाले आणि जवळजवळ सगळेच मायदेशात प्रशिक्षणापुरते वापरून निकालात काढले गेले. वाळवंटातील युद्धाला ते पाठवण्याजोगेच नव्हते.

यात कोणी मूर्ख नव्हते, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे. प्रत्येक निर्णय त्या त्या टप्प्यावर तर्कशुद्ध होता. घाई खरी होती, शत्रू खरा होता. चुकले एवढेच, की एकदा कागदावर शिक्कामोर्तब झाल्यावर ‘हे चालणार नाही’ हे वाक्य वरपर्यंत पोहोचायला वाट उरली नाही.

याउलट ‘चर्चिल’ रणगाड्याची कथा पाहा. तोही घाईतच जन्मला. १९४१ साली सैन्याच्या हाती आलेले पहिले रणगाडे दोषांनी भरलेले होते. पण निर्मात्या व्हॉक्सहॉल कंपनीने त्याच्या माहितीपुस्तिकेत एक पत्रक घातले. त्यात कोणते भाग सदोष आहेत आणि ते दुरुस्त होईपर्यंत काय काळजी घ्यावी, हे स्पष्ट लिहिले होते. आपल्याच मालाचे दोष छापून ग्राहकाच्या हाती देणे, ही साधी गोष्ट नव्हे! नंतर त्या रणगाड्यांत कसून सुधारणा झाल्या. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियातील लाँगस्टॉप टेकडीच्या चढावर, जिथे रणगाडे येतील अशी शत्रूची अपेक्षा नव्हती, तिथे चर्चिल चढून गेले. युद्ध संपेपर्यंत ते वापरात राहिले. कव्हेनँटर आणि चर्चिल दोन्ही एकाच देशाचे, एकाच घाईचे अपत्य. माझ्या मते त्यांच्या भवितव्यातील मोठा फरक दोष कबूल करण्यातून आणि ते मुळापासून दुरुस्त करण्यातून पडला.

आपल्या व्यवसायात असे कव्हेनँटर नाहीत काय? १९४०च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना काचपेटीत मुक्तहस्ताने प्राणवायू दिला जात असे. हेतू निर्मळ होता, उपकरण आधुनिक होते. त्यातून हजारो मुलांची दृष्टी गेली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली प्राणवायूवरच संशय घेतला आणि पुढे नियंत्रित चाचणीने तो खरा ठरला. पेटीच्या आत असलेल्या रुग्णाला बोलता येत नव्हते.

दूरचे कशाला, माझेच सांगतो. एका रुग्णालयात नवजात शिशुंचा नवा कक्ष उभारायचा होता. नकाशा मी आणि वास्तुविशारदाने मिळून पक्का केला. त्यावर नजर टाकून तिथल्या ज्येष्ठ परिचारिका म्हणाल्या, “सर, बाळांच्या खाटा वातानुकूलन यंत्राच्या झोतातच येताहेत.” मी ‘पाहू नंतर’ म्हणून विषय संपवला. कक्ष सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बाळांचे पाय गार लागू लागले. नवजात अर्भकाचे तापमान उतरणे म्हणजे काय, हे या वाचकांना सांगायला नको. कोणत्याही बाळाला इजा झाली नाही, कारण त्याच बाईंनी मला न विचारता पहिल्या रात्रीच काही खाटा सरकवून घेतल्या होत्या. मी त्यांची क्षमा मागितली. पण ती मागायची वेळच यायला नको होती.

म्हणून माझे मत असे, की कोणतीही नवी योजना, मग ती कक्षाची असो, उपकरणाची असो वा आपल्या मंडळाच्या एखाद्या शिबिराची असो, मंजूर करण्याआधी ती ज्यांना वापरावी लागणार त्यांचे म्हणणे ऐकणे हा उपचार नसून अट असावी. परिचारिका, आया, रुग्णाची आई, शिबिरात तासभर रांगेत उभे राहणारे आजोबा यांच्यापैकी कोणाला तरी बैठकीत खुर्ची असावी. त्यांचा आक्षेप आपल्याला अडाणी वाटला, तरी तो इतिवृत्तात नोंदला जावा. त्यामुळे कामाला चार दिवस उशीर होईल. तो सोसावा. घाईचा हिशेब पुढे कोणाच्या तरी शरीरावर मांडला जातो.

माझा भाचा आता अभियांत्रिकी शिकतो आहे. त्या संग्रहालयातला आपला प्रश्न त्याला आठवतही नाही. मला मात्र कोणताही नकाशा समोर आला, की आधी तोच आठवतो.